साडेतीन फेऱ्यांची उडी

१. दोन प्रश्न

हिवाळी ऑलिंपिक सुरू झालं की ज्या घरांचा बर्फाशी एरवी काही संबंध नसतो, तिथेही फिगर स्केटिंग आवडीने पाहिलं जातं. पाहणाऱ्यांच्या तोंडून दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, ‘एवढं फिरून हिला चक्कर कशी येत नाही?’ दुसरा जरा उशिरा येतो, एखादी उडी संथ गतीत पुन्हा दाखवली जाते तेव्हा. ‘बर्फापासून हात-दीड हातच तर वर गेली. तेवढ्यात तीन वेळा फिरली कधी?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर देता येतं. आपल्या कानाच्या आतल्या भागात अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. आपण बराच वेळ फिरून थांबलो की द्रव मात्र फिरतच राहतो, आणि मेंदूला वाटतं की आपण अजून फिरतोय. उडी एका सेकंदाच्या आत संपते, त्यामुळे तिथे हा घोटाळा फारसा होत नाही. बर्फावर एका जागी घेतलेल्या लांबलचक गिरकीत तो होतो. पण लहानपणापासून रोज सराव केल्यावर मेंदू त्या चुकीच्या निरोपाकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

दुसऱ्या प्रश्नाला हे अख्खं प्रकरण लागेल. तो समजून घ्यायला मिदोरी इतो हिच्यासारखं उदाहरण नाही. जपानच्या नागोया शहरात १३ ऑगस्ट १९६९ रोजी जन्मलेली ही मुलगी मोठी झाल्यावरही जेमतेम १४५ सेंटीमीटर, म्हणजे पावणेपाच फूट उंचीची राहिली. १९८८ साली तिने स्पर्धेत ‘ट्रिपल अ‍ॅक्सल’ ही उडी पूर्ण केली. त्याआधी जगातल्या कुठल्याही स्त्रीला ते साधलं नव्हतं. तिच्यानंतर पुष्कळ जणींनी ही उडी मारली, काहींनी तिच्याहून अवघड उड्याही मारल्या. तरी तिच्या जुन्या चित्रफिती पाहताना आजच्या स्केटर मुलीही थबकतात. त्याचं कारण तिने मारलेल्या फेऱ्यांच्या आकड्यात सापडत नाही. ते सापडतं तिने गाठलेल्या उंचीत.

२. पात्याच्या दोन कडा

उडीकडे वळण्याआधी पायातलं हत्यार पाहायला हवं. स्केटचं पातं साधारण चार मिलिमीटर जाड असतं आणि त्याच्या तळाशी लांबीभर एक उथळ खोबण कोरलेली असते. त्या खोबणीमुळे पात्याला दोन धारदार कडा मिळतात, एक पायाच्या आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. स्केटर सरळ उभी राहून घसरत नसते. ती शरीर किंचित कलवून दोहोंपैकी एका कडेवर तोल सांभाळते, त्यामुळे बर्फावर तिची वाट नेहमी वक्र उमटते. पात्याच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात. काही उड्यांत तेच बर्फात रोवून वर झेप घेतात.

स्पर्धेत गुण मिळवून देणाऱ्या मुख्य उड्या सहा. टो लूप, फ्लिप आणि लुट्झ या तिन्हींत मागच्या पायाचे दाते बर्फात रोवतात. साल्काव, लूप आणि अ‍ॅक्सल या तिन्हींत दात्यांची अशी मदत नसते, नुसत्या कडेवरून उडायचं असतं. साल्काव हे नाव स्वीडनच्या उलरिक साल्काववरून आलं, लुट्झ ऑस्ट्रियाच्या आलोइस लुट्झवरून, आणि अ‍ॅक्सल नॉर्वेच्या अ‍ॅक्सल पॉलसेनवरून. पॉलसेनने ती उडी १८८२ साली व्हिएन्नात दाखवली होती, आणि तीही शर्यतीचे लांब पात्यांचे स्केट घालून.

घरबसल्या उडी ओळखायची एक सोपी खूण आहे. बाकीच्या पाच उड्यांसाठी स्केटर पाठमोरी घसरत येते आणि पाठमोरीच उतरते. अ‍ॅक्सलसाठी मात्र ती तोंड पुढे करून येते आणि समोर पाहत झेप घेते. उतरताना तीही पाठमोरीच असते. म्हणजे तोंड पुढे होतं ते मागे करण्यासाठी अर्धी फेरी जास्तीची मारावी लागते. एकेरी अ‍ॅक्सल दीड फेऱ्यांची, दुहेरी अडीच फेऱ्यांची, आणि ट्रिपल अ‍ॅक्सल साडेतीन फेऱ्यांची.

ही अर्धी फेरी ऐकायला किरकोळ वाटते. ती किती महाग आहे ते इतिहास सांगतो. अमेरिकेच्या डिक बटनने १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये दुहेरी अ‍ॅक्सल मारली. त्यानंतर पुरुषांच्या स्पर्धेत ट्रिपल अ‍ॅक्सल दिसायला तीस वर्षं गेली. कॅनडाच्या व्हर्न टेलरने ती १९७८ साली ओटावाच्या जागतिक स्पर्धेत पूर्ण केली. स्त्रियांमध्ये अमेरिकेच्या कॅरॉल हाइसने १९५३ साली दुहेरी अ‍ॅक्सल मारली होती. तिथून पुढच्या पायरीपर्यंत पोचायला पस्तीस वर्षं लागली.

३. हवेतला वेळ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाय बर्फावरून सुटल्यावर स्केटरच्या हातात एकच ठरावीक भांडवल असतं, ते म्हणजे वेळ. आणि तो किती मिळणार हे पाय सुटण्याच्या क्षणीच ठरून जातं. हवेत कितीही धडपड केली तरी त्यात भर पडत नाही.

वेळ आणि उंची यांचं नातं शाळेतल्या गणितातून काढता येतं. समजा, स्केटर अर्धा सेकंद हवेत आहे. त्यातला पाव सेकंद वर जाण्यात आणि पाव सेकंद खाली येण्यात जातो. पाव सेकंदात कुठलीही वस्तू सुमारे ३१ सेंटीमीटर खाली पडते, म्हणजे तिची उडीही तेवढीच उंच असणार. हवेतला वेळ ०.६ सेकंद हवा असेल तर उंची लागते ४४ सेंटीमीटर. ०.७ सेकंदासाठी लागते ६०.

या आकड्यांकडे नीट पाहा. अर्ध्या सेकंदावरून ०.६ वर जायला १३ सेंटीमीटर पुरतात, पण ०.६ वरून ०.७ वर जायला १६ लागतात. वेळ जितका जास्त मागाल, तितकी प्रत्येक पुढच्या तुकड्याची किंमत चढत जाते. हाच हिशेब स्नायूंच्या बाजूने मांडला तर आणखी कठोर दिसतो. ०.६ सेकंदाच्या उडीपेक्षा ०.७ सेकंदाच्या उडीला सुमारे ३६ टक्के जास्त ऊर्जा लागते. पाय तेच, वजन तेच, आणि जोर मात्र तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त वाढवायचा.

आता यात फिरण्याचा वेग मिसळू. हवेत अंग आवळून घेतलेली कसलेली स्केटर सेकंदाला साधारण पाच फेऱ्यांच्या आसपास फिरते. त्या वेगाने ०.६ सेकंदात तीन फेऱ्या होतात आणि ०.७ सेकंदात साडेतीन. प्रत्यक्षात पाय सुटण्याआधीच शरीर थोडं वळलेलं असतं आणि उतरतानाही थोडं वळण बर्फावर पुरं होतं, त्यामुळे थोडी सवलत मिळते. तरी या ढोबळ हिशेबातून एवढं कळतं की ती जास्तीची अर्धी फेरी म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, आणि सेकंदाचा दहावा भाग म्हणजे वीतभराला थोडी कमी पडेल इतकी जादा उंची.

पाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलीने ही जादा उंची आणायची कुठून?

४. फुगडीचा नियम

वाटा दोन आहेत. फिरण्याचा वेग वाढवायचा, नाहीतर वेळ वाढवायचा. आधी वेगाची वाट पाहू, कारण बहुतेक जणी तिनेच जातात.

मंगळागौरीत फुगडी घातलेल्या प्रत्येकीला हा नियम अंगाने माहीत असतो. दोघी हात ताणून, अंग मागे टाकून फिरत असतात तोवर वेग बेताचा असतो. हात आखडून दोघी एकमेकींजवळ आल्या की वेग एकदम वाढतो. भौतिकशास्त्रात याच्या मुळाशी असलेल्या राशीला कोनीय संवेग म्हणतात. फिरणाऱ्या वस्तूकडे फिरण्याचा एक ठरावीक साठा असतो, आणि बाहेरून कुणी हात लावला नाही तर तो कमी-जास्त होत नाही. वजन अक्षापासून लांब पसरलं असेल तर तो साठा सावकाश फिरण्यात दिसतो. वजन अक्षाशी गोळा केलं की तोच साठा भराभर फिरण्यात दिसतो.

यात अंतराचा परिणाम वर्गाच्या पटीत होतो. एक किलो वजन अक्षापासून ६० सेंटीमीटरवर असेल आणि ते २० सेंटीमीटरवर आणलं, तर अंतर तिसरा हिस्सा झालं, पण त्या वजनाचा फिरण्याला होणारा अडथळा नवव्या हिश्श्यावर येतो. स्केटर उडताना हात आणि मोकळा पाय पसरून झेप घेते, आणि पाय सुटताच हात छातीशी व पाय एकमेकांत गुंतवून स्वतःला सडसडीत करून घेते. धड आणि डोकं आधीपासूनच अक्षावर असतात, त्यामुळे सगळ्या शरीराचा विचार करता फरक नऊपट पडत नाही. तरी तो एवढा पडतो की शांतपणे वळणारं शरीर डोळ्यांना धूसर दिसायला लागतं.

या वाटेची अडचण दुहेरी आहे. आवळायला वेळ जातो आणि उतरण्याआधी पुन्हा उघडायलाही वेळ जातो, म्हणून पूर्ण वेगाने फिरायला उरतो तो मधला तुकडा. दुसरं असं की ही युक्ती अरुंद शरीराला जास्त साधते. खांदे आणि नितंब रुंदावले की वजन अक्षापासून दूर जातं. बारा-चौदा वर्षांच्या मुलीला सहज जमणारी उडी सतराव्या-अठराव्या वर्षी अचानक जमेनाशी होते, त्याच्या मागे बऱ्याचदा हेच असतं. तिची मेहनत किंवा हिंमत कमी झालेली नसते. तिचं शरीर मोठं झालेलं असतं.

इतोच्या उड्या संथ गतीत पाहिल्या तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. हवेत तिचे पाय आजच्या मुलींसारखे घट्ट जुळलेले नसत. मोकळा पाय दुसऱ्या पायाभोवती किंचित वर गुंडाळलेला राही. जाणकारांनी तेव्हा तो दोष मानला, आणि फिरण्याच्या शास्त्राने तो दोषच आहे. इतकी ढिली मूठ ठेवूनही तिच्या फेऱ्या पुऱ्या होत, कारण तिला घाई नव्हती. तिच्याकडे वेळ होता.

५. गती वर वळवणं

हा वेळ ती मिळवायची कसा, याचं अर्धं उत्तर तिच्या पायांत होतं. आखूड, भक्कम, विलक्षण स्फोटक ताकदीचे पाय. दुसरं अर्धं उत्तर मात्र उडीच्या आधीच्या काही सेकंदांत होतं.

अ‍ॅक्सलकडे येताना बऱ्याच जणी सावध होतात. वेग कमी करतात, जागा पारखतात, मग झेप घेतात. इतो वेगात यायची आणि त्याच वेगात उडायची. झेप घेण्याच्या क्षणी स्केटर पात्याच्या कडेने बर्फाला किंचित अडते. पायाचा वेग अडतो पण शरीर पुढे जाऊ पाहतं, आणि पुढची गती त्या रोवलेल्या पायावरून वरच्या दिशेला वळते. त्याच वेळी मागचा मोकळा पाय गुडघ्यातून जोरात पुढे-वर फेकला जातो आणि दोन्ही हातही वर येतात. या तिन्ही गोष्टी सेकंदाच्या एका लहानशा तुकड्यात एकत्र जुळाव्या लागतात. वेग जितका जास्त, तितकं वर वळवायला भांडवल जास्त. पण चूक झाली तर आपटणंही तितकंच जोरात.

म्हणून वेगात येणं ही हिंमतीची गोष्ट आहे आणि कौशल्याचीही. समजा, स्केटर सेकंदाला पाच मीटर वेगाने पुढे जातेय आणि ०.६५ सेकंद हवेत आहे. ती सव्वातीन मीटर अंतर कापून उतरेल. लहानशा दिवाणखान्याची एक बाजू तिने हवेतून ओलांडली म्हणायची, आणि तीही फिरत-फिरत.

उतरणं हा याच हिशेबाचा शेवटचा भाग. अर्धा-पाऊण मीटर उंचीवरून एका पायावर, पाठमोरं, चार मिलिमीटरच्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर यायचं असतं. त्या क्षणी पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. फिरणं थांबवायला हात आणि मोकळा पाय पुन्हा पसरायचे असतात. इतो हे बर्फाला टेकण्याच्या आधीच करायला लागायची. उंच उडीचा हाही एक लाभ. तिचं उतरणं धडपडीचं वाटत नसे, आणि उतरल्यावरही तिचा वेग मरत नसे. त्यापाठोपाठ चेहऱ्यावर जे हसू फुटायचं, ते प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं.

६. नागोयातली शिकवणी

मिदोरी लहान असतानाच नागोयातल्या ओसू भागातल्या रिंकवर जायला लागली. तिथे तिला माचिको यामादा या प्रशिक्षक भेटल्या. आई-वडील विभक्त झाल्यानंतर ही मुलगी यामादांच्याच घरी राहून वाढली. १९८० साली, वयाच्या दहाव्या वर्षी, ती कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत उतरली आणि आठवी आली. उड्यांमध्ये तिची बरोबरी करणाऱ्या मुली तिथे जवळपास नव्हत्या. मग आठवी का?

त्याचं उत्तर आज विसरल्या गेलेल्या एका परीक्षेत आहे. तेव्हा फिगर स्केटिंगच्या स्पर्धेत सक्तीच्या आकृत्या असत. या खेळाच्या नावातला ‘फिगर’ त्यांच्यापासूनच आला. संगीत नाही, उड्या नाहीत, प्रेक्षकही फारसे नाहीत. स्केटरने कोऱ्या बर्फावर एका पायाने आठाच्या आकाराची वर्तुळं काढायची आणि पुन्हा त्याच रेषेवरून जायचं. मग परीक्षक वाकून, कधी गुडघे टेकून त्या रेषा तपासत. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये एकूण गुणांतले ३० टक्के या आकृत्यांना होते. छोट्या कार्यक्रमाला २० टक्के आणि मोठ्या मुक्त कार्यक्रमाला ५० टक्के.

इतो आकृत्यांत कच्ची होती. कॅल्गरीच्या त्या ऑलिंपिकमध्ये ती आकृत्यांत दहावी आली आणि पदकाची आशा तिथेच मावळली. मुक्त कार्यक्रमात अठरा वर्षांच्या या मुलीने सात तिहेरी उड्या एकापाठोपाठ एक पूर्ण केल्या आणि प्रेक्षक उभे राहिले. सुवर्ण पूर्व जर्मनीच्या कातारिना विटला गेलं, इतो पाचवी आली. पण त्या रात्री या खेळाला एक गोष्ट कळून चुकली. पुढची लढाई रेषांची नसणार होती.

त्याच वर्षी, १९८८ च्या शरद ऋतूत, आधी स्थानिक स्पर्धेत आणि मग नोव्हेंबरमधल्या एनएचके करंडकाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने ट्रिपल अ‍ॅक्सल पूर्ण केली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मार्च १९८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत तिने तीच उडी मारली आणि ती विश्वविजेती झाली. फिगर स्केटिंगमधलं जागतिक विजेतेपद जपानकडे, किंबहुना आशियाकडे, येण्याची ती पहिलीच वेळ. तांत्रिक गुणांसाठी एकाहून अधिक परीक्षकांनी ६.० दिले. त्या काळच्या पद्धतीत त्याहून वर आकडाच नव्हता.

पुढच्या वर्षी कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा कॅल्गरीसारखंच घडलं. आकृत्यांत दहावी, आणि छोट्या व मोठ्या अशा दोन्ही कार्यक्रमांत पहिली. एकूण क्रमांक दुसरा. सुवर्ण अमेरिकेच्या जिल ट्रेनरीला मिळालं. त्या स्पर्धेनंतर जागतिक पातळीवरून सक्तीच्या आकृत्या रद्द झाल्या. ज्या नियमाने तिला अनेक वर्षं मागे खेचलं, तो गेला तेव्हा तिच्या कारकिर्दीचा भर ओसरायला लागला होता. ही गोष्ट तिच्या चाहत्यांना अजूनही सलते, आणि त्यांचं सलणं रास्त आहे.

७. कठड्यापलीकडे

१९९१ ची जागतिक स्पर्धा म्युनिकला होती. सरावात इतोची फ्रान्सच्या लेटिशिया ह्युबेरशी धडक झाली होती. त्यानंतरच्या छोट्या कार्यक्रमात दोन उड्यांची जोडी मारताना ती कठड्याच्या फार जवळ गेली. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासाठी कठड्यात एक जागा मोकळी सोडली होती. इतो वेगाच्या भरात त्या फटीतून थेट रिंकबाहेर गेली. पुढच्याच क्षणी ती पुन्हा बर्फावर आली आणि संगीत जिथे पोचलं होतं तिथून कार्यक्रम पुढे चालू केला.

हा प्रसंग गमतीचा म्हणून पुन्हा पुन्हा दाखवला जातो. प्रत्यक्षात वेगात येऊन उडण्याचा मागचा सगळा हिशेब त्यात उघडपणे दिसतो. हळू येणारी, जागच्या जागी उडणारी स्केटर कठड्यापाशी चुकली तर कठड्याला टेकून थांबली असती. इतो थांबू शकली नाही, कारण तिच्या उडीत पुढची गती तेवढी शिल्लक होती. तिच्या उंचीचा स्रोत आणि त्या अपघाताचं कारण एकच होतं. ती स्पर्धा तिने चौथ्या क्रमांकावर संपवली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत टोन्या हार्डिंगने ट्रिपल अ‍ॅक्सल पूर्ण केली. ही उडी मारणारी ती दुसरी स्त्री. आता ऑलिंपिकला या उडीची झुंज होणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं.

८. आल्बर्टव्हिल, २१ फेब्रुवारी १९९२

फ्रान्सच्या आल्प्समधल्या आल्बर्टव्हिलला इतो सुवर्णाची दावेदार म्हणून आली. जपानमधून आलेल्या अपेक्षेचं ओझं केवढं असेल याची कल्पनाच करावी. त्या काळापर्यंत जपानला फिगर स्केटिंगचं एकही ऑलिंपिक पदक नव्हतं. सरावात अ‍ॅक्सल नीट बसत नव्हती. म्हणून छोट्या कार्यक्रमातल्या उड्यांच्या जोडीत तिने ट्रिपल अ‍ॅक्सल काढून ट्रिपल लुट्झ ठेवली. ती उडी खात्रीची होती, आणि तीच चुकली. ती पडली आणि चौथ्या क्रमांकावर गेली.

दोन दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, मुक्त कार्यक्रम होता. सुरुवातीलाच ट्रिपल अ‍ॅक्सल होती. इतो उडाली आणि पडली.

इथे एका साध्या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं. मुक्त कार्यक्रम सुमारे चार मिनिटांचा असतो. जड उड्या सुरुवातीला ठेवतात, कारण पहिल्या मिनिटात पाय ताजे असतात. तीन मिनिटांनंतर मांड्या पेटलेल्या असतात, श्वास तुटत असतो, आणि ०.६ सेकंदाची उडी ०.५ ची होऊ पाहते. मागचा हिशेब आठवला तर त्या वेळी साडेतीन फेऱ्या मारणं किती अवघड ते कळेल.

इतोने कार्यक्रमाच्या शेवटच्या भागात, जिथे बाकीच्या सोप्या उड्या मारून गुण वाचवत होत्या, पुन्हा तोंड पुढे करून वेग घेतला आणि ट्रिपल अ‍ॅक्सल मारली. या वेळी ती स्वच्छ उतरली. ऑलिंपिकमध्ये ही उडी पूर्ण करणारी ती पहिली स्त्री ठरली. अमेरिकेच्या क्रिस्टी यामागुचीने ट्रिपल अ‍ॅक्सलशिवाय, नेटकेपणाच्या बळावर सुवर्ण जिंकलं आणि ते तिने रीतसर कमावलं होतं. इतोला रौप्य, नॅन्सी केरिगनला कांस्य. पण पडल्यावर, थकल्यावर, पदक हातचं जायची भीती असताना तीच उडी पुन्हा मारायचा तो निर्णय स्केटिंगच्या इतिहासातल्या धाडसी निर्णयांपैकी एक आहे.

९. उडीची किंमत कोण ठरवतं?

‘उड्या म्हणजे कसरत, कला वेगळी,’ असं इतोच्या काळात सर्रास म्हटलं जाई. ती ठेंगणी होती, तिचे हात लांबसडक नव्हते, बॅलेच्या साच्यात ती बसत नव्हती. तेव्हाच्या ६.० पद्धतीत परीक्षक दोन गुण देत, एक तांत्रिक बाजूसाठी आणि एक कलात्मक छापेसाठी. कुठल्या उडीला किती, असं ठरलेलं दरपत्रक नव्हतं. त्यामुळे एखादीने जगात कुणी न मारलेली उडी मारली तरी तिचं मोल परीक्षकाच्या अंदाजावर राही.

आजच्या पद्धतीत प्रत्येक उडीला पायाभूत गुण असतात. अलीकडच्या दरपत्रकात दुहेरी अ‍ॅक्सलला ३.३, ट्रिपल लुट्झला ५.९ आणि ट्रिपल अ‍ॅक्सलला ८ गुण आहेत. त्यावर उडीच्या दर्जानुसार वजा पाचपासून अधिक पाचपर्यंत श्रेणी दिली जाते, आणि प्रत्येक पायरीला पायाभूत गुणांच्या दहा टक्के मिळतात किंवा कापले जातात. सर्वोत्तम दर्जाची ट्रिपल अ‍ॅक्सल १२ गुणांपर्यंत जाऊ शकते. दर्जा ठरवताना उंची आणि अंतर, झेपेआधीचा व उतरल्यानंतरचा वेग, संगीताशी मेळ, सहजता हे सगळं पाहिलं जातं. ही यादी वाचली की इतोच्या उड्यांचं वर्णन वाचल्यासारखं वाटतं.

कला आणि कसरत यांची ती फारकतही तपासून पाहायला हवी. संगीत चढत जातं, स्केटर वेग घेते, आणि नेमक्या ठोक्याला वर जाऊन क्षणभर तिथेच राहिल्यासारखी भासते. हे पाहून अंगावर काटा येतो तो कलेचा की कसरतीचा, हे पाहणाऱ्याला वेगळं करून सांगता येणार नाही. इतोची अभिव्यक्ती तिच्या उडीत होती.

१०. तिच्यामागून आलेल्या

हार्डिंगनंतर ट्रिपल अ‍ॅक्सल मारणारं नवं नाव यायला २००२ साल उजाडलं. त्या वर्षी स्केट अमेरिका स्पर्धेत रशियाची ल्युदमिला नेलिदिना आणि जपानची युकारी नाकानो या दोघींनी ती मारली. नाकानो यामादांचीच शिष्या. नागोयाचीच माओ असादाही लहानपणी यामादांकडे शिकली. २०१० च्या व्हँकूवर ऑलिंपिकमध्ये तिने एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल अ‍ॅक्सल मारल्या आणि रौप्य मिळवलं, सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम यु-नाने. स्पर्धेत चार फेऱ्यांची उडी पूर्ण करणारी पहिली स्त्री मिकी आंदो, २००२ मध्ये, आणि तीही नागोयाचीच. एका शहराने एका खेळाला एवढं द्यावं यात योगायोग फार थोडा आहे. लहान मुलींनी इतोला बर्फावर प्रत्यक्ष उडताना पाहिलं होतं.

२०१८ नंतर चार फेऱ्यांच्या उड्यांची लाट आली. रशियाच्या अलेक्सांद्रा त्रुसोव्हाने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या मुक्त कार्यक्रमात अशा पाच उड्या मारल्या. ही लाट मुख्यतः पहिल्या वाटेची होती, म्हणजे अतिशय लहान वय, अरुंद शरीर आणि फिरण्याचा प्रचंड वेग. अनेकींची कारकीर्द विशीच्या आत दुखापतींनी संपली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने वरिष्ठ गटासाठीचं किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ वर नेण्याचा निर्णय घेतला. तो आधीच व्हायला हवा होता.

म्हणूनच इतोचं वय पुन्हा आठवावंसं वाटतं. ट्रिपल अ‍ॅक्सल प्रथम मारली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि आल्बर्टव्हिलला बावीस. तिने पूर्ण वाढलेल्या शरीराने, पायांच्या ताकदीने आणि वेगाने वेळ मिळवला. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकची ज्योत पेटवायला जपानने तिलाच निवडलं, २००४ मध्ये तिचं नाव जागतिक फिगर स्केटिंगच्या सन्मान दालनात गेलं, आणि २०११ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फच्या प्रौढांच्या स्पर्धेत ती पुन्हा बर्फावर उतरली.

वेळ मिळवण्याच्या या दुसऱ्या वाटेवर इतो आता एकटी नाही. रशियाची एलिझावेता तुक्तामिशेव्हा २०१५ मध्ये ट्रिपल अ‍ॅक्सलसह विश्वविजेती झाली आणि २०२१ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याच उडीसह जागतिक रौप्य घेऊन गेली. डिसेंबर २०२४ मध्ये फ्रान्समधल्याच ग्रनोबलला ग्रां प्रीची अंतिम स्पर्धा झाली. ती अमेरिकेच्या अँबर ग्लेनने जिंकली. तिच्या कार्यक्रमात ट्रिपल अ‍ॅक्सल होती, आणि तिचं वय होतं पंचवीस.